मामा आधी बूड पाहतात

आमच्या सोपानमामांच्या हातात पाण्याची बाटली दिलीत, तर ते आधी ती उलटी करून तिचं बूड पाहतात. मग पाणी पितात.

बुडावर त्रिकोणात एक आकडा असतो आणि त्यावरून त्यांना प्लास्टिकचं कूळ कळतं. "आदी कूळ, मंग सोयरीक," हे त्यांचं पालुपद. सोयरीक म्हणजे गोंदाशी.

मामांच्या गावात, निमोण्यात, घरटी पाइप जोडायच्या सोल्यूशनचा डबा असतो आणि काहीही मोडलं की लोक तेच फासतात. मामांना ते बघवत नाही. एकदा कुणी प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायाला सोल्यूशन लावताना दिसला, तर मामांनी रस्त्यातच त्याची शाळा घेतली. "आरं, त्ये पाइपाचं हाय! हिला कंचाच गोंद धरत न्हाई. हिला तापल्या सळीनं सांधायची." आकडा नसेल तर ते कीस काढून पाण्यात टाकतात. तरंगला, की गोंदाचा नाद सोडायचा. दौंडला आमच्या ऑफिसात काहीही मोडलं की मी छाती फुगवून सांगतो, "माझे मामा आहेत ना!"

गेल्या महिन्यात मी सुट्टीला मामांकडे असताना मामींच्या कानाच्या मशिनचं कव्हर फुटलं. त्याशिवाय मामींना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नखाएवढ्या कव्हरवर आकडा कुठला? मामांनी कीस पाण्यात टाकला. बुडाला. "झटपट गोंदाचा येक थेंब बास. सोल्यूशन लावलं आस्तं तर इरघाळलं आस्तं."

सांधा झकास बसला, पण मामा मशीन मामींना देईनात. दोन दिवस ते स्वतःच कानामागं अडकवून गावभर हिंडले. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले.

"मामा, हे काय?" मी विचारलं.

"गोंद हाय त्यो. तिच्या कानाला आग सुटली मंजी? आदी माझ्या कानाला सुटू दे."

एरवी तोंडाला खळ नसलेला हा माणूस ते दोन दिवस घरात गप्प होता. "बोलू कुनासंगं? तिला ऐकू येत न्हाई," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन मामींच्या कानाला लावलं.

"च्या टाकतीस?"

"टाकते की."

मामांनी आवाज उतरवून पुन्हा विचारलं.

"टाकते म्हनलं न्हवं!"

मग मामा दारापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहून, जवळजवळ पुटपुटत, तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"आधान ठिवलंय," मामी आतून म्हणाल्या.

मामा तसेच पाठमोरे उभे राहिले.