गव्याची शेपटी आणि हरलेली फायनल

एका जंगलात, मुलांनो, एक कॉलेज होतं. आता जंगलात कॉलेज कशाला, असं विचारू नका. जंगलातल्या आईबापांनाही आपली पोरं दिवसभर कुठेतरी अडकवून ठेवायची असतात.

त्या कॉलेजची बास्केटबॉलची टीम होती आणि त्या टीमचे एक चाहते होते. त्यांचं नाव हणमंतराव. हणमंतराव गवा होते. ते बसले की मागे बसलेल्यांना सामना दिसत नसे, फक्त हणमंतराव दिसत.

हणमंतराव त्या कॉलेजात शिकले नव्हते. त्यांचं कोणी तिथे शिकतही नव्हतं. त्यांची चरायला जायची वाट मैदानाच्या कडेनं होती, एवढंच. एके दिवशी ते जरा थांबून खेळ बघू लागले. मग रोजच थांबू लागले. हळूहळू ते 'कॉलेजची टीम' म्हणायचं सोडून 'आपली टीम' म्हणू लागले. पुढे तर नुसतं 'आपण'वर आले.

"आपण पास उशिरा देतो," ते घरी येऊन बायकोला सांगत. "आणि आपला बचाव अगदी ढिला आहे."

बायकोचं नाव गोदाक्का. ती म्हणे, "आपण आधी समोरचं गवत संपवू या."

टीमसाठी आपणही काहीतरी केलं पाहिजे, असं हणमंतरावांना फार वाटे. पण गव्याला टीमसाठी काय करता येणार? मग त्यांनी एक नेम धरला. आपल्या टीमचा कोणी फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला, की ते शेपटी हलवत नसत. माश्या बसोत, गोमाशी चावो, शेपटी जागच्या जागी. त्या वर्षी टीम जिंकत गेली. खेळाडूंना वाटलं, आपण सराव केला म्हणून. हणमंतराव कोणाला काही बोलले नाहीत.

होता होता टीम आंतरजंगल स्पर्धेच्या फायनलला पोचली. मग काय, सगळं जंगलच 'आपण' म्हणू लागलं. ज्यांना बॉल आणि कवठ यातला फरक माहीत नव्हता, तेसुद्धा पाणवठ्यावर "आपण यंदा चषक आणणार" असं सांगू लागले.

फायनल होती नदीपलीकडच्या कॉलेजशी. त्यांच्या टीममध्ये सगळे करकोचे. त्यांनी पंख उघडायचे नाहीत, असा नियम होता. मान लांब करायची नाही, असा मात्र नव्हता. पंच म्हणून एक घुबड आलं होतं. सामना भर दुपारी होता. पण याबद्दल आपण काही बोलायला नको. हणमंतरावच पुढे पुष्कळ बोलणार आहेत.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी आपली टीम एका गुणानं मागे होती. वेळ संपली होती आणि दोन फ्री थ्रो तेवढे बाकी होते. ते घ्यायला कॅप्टन उभी राहिली. ती होती केतकी नावाची नीलगाय. नीलगाय बॉल कसा फेकते, असं विचारू नका, मुलांनो. गोष्टीत फेकते.

केतकीनं पहिला बॉल टाकला. तो रिंगवर आदळला आणि बाहेर पडला.

तिनं दुसरा बॉल उचलला. नेमकी तेव्हा हणमंतरावांच्या मागच्या बाजूला एक गोमाशी येऊन बसली. ती चावली. पुन्हा चावली. हणमंतरावांनी दात आवळले, डोळे मिटले. तिसऱ्यांदा चावली आणि शेपटी हलली.

डोळे उघडून बघतात, तर करकोचे नाचत होते.

घरी येऊन हणमंतराव बसून राहिले. गवे रवंथ करतात, हे तुम्हाला पुस्तकात असेलच. चारा असला तर चाऱ्याचा करतात. नसला तर सामन्याचा. हणमंतरावांनी आधी घुबडाचा रवंथ केला, तोही मोठ्यानं. मग करकोच्यांच्या मानांचा केला. मग वाऱ्याचा केला, पण वारा त्या दिवशी नव्हताच. शेवटी ते शेपटीपाशी आले आणि तिथेच थांबले.

"अगं," ते म्हणाले, "माझ्यामुळे हरलो आपण."

त्यांनी सगळं सांगितलं. गोदाक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"मग पुढच्या वेळी शेपटी घरी ठेवून जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याच सामन्याची चर्चा होती. एक रानडुक्कर म्हणालं, "हरले शेवटी."

"आपण हरलो," हणमंतराव म्हणाले.

"आपण कुठे खेळलो? ते हरले." सगळ्यांनी माना डोलावल्या. कालपर्यंत 'आपण' म्हणणारं जंगल एका दिवसात रिकामं झालं होतं आणि त्यात हणमंतराव एकटेच उरले होते.

त्यांना राहवेना. ते सरळ कॉलेजात गेले. तिथे टीमचे कोच भालेराव सर डोकं धरून बसले होते. भालेराव सर म्हणजे अस्वल. प्राचार्यांनी त्यांना पराभवाचं कारण विचारलं होतं आणि सरांना एकही असं कारण सापडत नव्हतं, ज्यात ते स्वतः नाहीत.

"सर, माझं चुकलं," हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी शेपटीची हकिगत सांगितली.

भालेराव सर आधी हसणार होते. मग ते हसायचे थांबले. त्यांनी हणमंतरावांना बसायला सांगितलं. मग उठून, चालत जाऊन, शेपटी नीट निरखून पाहिली.

"हीच का?"

"हीच."

"फ्री थ्रोच्या वेळी हलली?"

"हो, सर."

"हणमंतराव," सर म्हणाले, "असा प्रामाणिकपणा आता राहिला नाही हो."

त्याच दुपारी प्राचार्यांनी सगळ्यांना मैदानावर बोलावून जाहीर केलं, की संघ उत्तम खेळला, मार्गदर्शन उत्तम होतं, पंचही उत्तम होते. पराभव शेपटीमुळे झाला. टाळ्या पडल्या. घुबड तर उठून उभं राहिलं, पण दिवस असल्यामुळे ते उलट्या बाजूला तोंड करून टाळ्या वाजवत होतं.

त्या दिवसापासून हणमंतरावांचं पाणवठ्यावर जाणं अवघड झालं. माकडं झाडावरून ओरडत, "ओ शेपटी!" रानडुक्कर म्हणे, "आपण जिंकलो असतो. यांनी घालवलं." बघा, जंगल पुन्हा 'आपण' म्हणू लागलं होतं. हणमंतराव खाली मान घालून पाणी पीत आणि निघून येत. पण गोदाक्काला एक गोष्ट दिसत होती. नवरा पूर्वीपेक्षा दोन घास जास्त खात होता.

एके दिवशी संध्याकाळी केतकी त्यांच्याकडे आली.

"काका, चूक माझी होती," ती म्हणाली. "बॉल सुटला तेव्हाच मला कळलं होतं, हा जात नाही. मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, आता झाल्या गोष्टी उकरू नकोस. पण तुम्हाला सगळे बोलतात, ते मला बघवत नाही. मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे."

हणमंतरावांचा रवंथ थांबला. उद्या पाणवठ्यावर काय होईल, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. कोणी ओरडणार नाही. कोणी काही बोलणार नाही. कोणी वळूनसुद्धा बघणार नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तू खेळतेस चांगली. पण तुला खेळातलं कळत नाही."

"अहो काका, बॉल माझ्याकडे होता!"

"तेच म्हणतोय मी. ज्याच्याकडे बॉल असतो, त्याला नुसता बॉल दिसतो. मी सगळा सामना बघत होतो."

"पण तुम्हाला तर माशी चावली म्हणून..."

"माशीला मध्ये आणू नकोस. हरलो ते माझ्यामुळे. आता हे तुझ्या डोक्यातून काढून टाक. उद्या सकाळी सरावाला जा आणि असलं काही कोणासमोर बोलू नकोस."

केतकी थोडी घुटमळली आणि गेली. जाताना तिची चाल जरा हलकी झाली होती.

गोदाक्का इतका वेळ बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, ती पोर तुमच्यावरचा ठपका पुसायला आली होती."

"कळलं मला," हणमंतराव म्हणाले. "म्हणून तर घालवली."

तात्पर्य : पराभवाची जबाबदारी घ्यायला मोठं मन लागतं, मुलांनो. शक्यतो ते संघाबाहेरच्या कोणाचं तरी असावं. आणि असा कोणी सापडलाच, तर त्याला माफ करू नका. त्याला वाईट वाटेल.