अकरा महिन्यांसाठी बिबट्या

आमच्या घराची मागची खोली मी अकरा महिन्यांच्या कराराने एका बिबट्याला भाड्याने दिली. सही होईपर्यंत तो दारातच बसून होता. त्यामुळे करार माझ्या संमतीने झाला की धाकाने, एवढाच प्रश्न उरला.

खोली माझ्या नावावर आहे. मला ती वाचत बसायला हवी होती आणि शेवंताआत्याला मिरचीकांडप यंत्र ठेवायला. यावर दोन वर्षं आमची चर्चा चालू होती, म्हणजे आत्या बोलत होती. तेवढ्यात बिबट्या छापील कागद घेऊन आला. भाड्याऐवजी तो आवारात माकडं फिरकू देणार नव्हता.

"सही केलीसच कशी गं?" आत्याने विचारलं.

"तो दारात होता."

"आणि मी? दोन वर्षं घरात आहे. मला दिलीस का?"

दुसऱ्या दिवशी करार रद्द करण्याचा अर्ज घेऊन आम्ही निबंधक कार्यालयात गेलो. बिबट्याही वेळेवर आला होता. बाकावर त्याच्या शेजारी बरीच जागा होती.

निबंधक खिलारीसाहेबांनी चष्मा पुसला. "धाकाने केलेला करार आपोआप रद्द होत नाही, ताई. ज्याच्यावर धाक होता, त्याने रद्द करा म्हणावं लागतं. यांनी धमकी दिली?"

"नाही. जांभई दिली."

"दात दिसले?"

"सगळे."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

"माझी हरकत आहे," बिबट्या म्हणाला. "या बाई कुकरच्या शिट्टीलाही घाबरतात. महिनाभर उसातून ऐकतोय मी. यांची भीती माझ्या आधीची आहे."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी धाडकन शिक्का मारला. मी खुर्चीतून उडाले.

"बघा," बिबट्या म्हणाला.

"मुद्दा आहे खरा." साहेबांनी माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला. "हे अक्षर कुणाचं?"

"आत्याचं."

"सही?"

"माझी. आत्या म्हणाली, मुकाट्यानं कर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हा अर्जही धाकाचाच."

"अहो, मी सख्खी आत्या आहे तिची!"

"तेच लिहितोय, बाई."

बिबट्याने घसा साफ केला. "साहेब, मलाही सांगायचंय. मला सहाच महिने हवे होते. महिन्यांची जागा कोरी होती. यांनी किंचाळत किंचाळत अकरा लिहिलं. ती किंचाळी ऐकून मी दिसेल तिथे पंजा उमटवला."

करारावरचा पंजा तीन कलमांवर पसरला होता, तो यामुळे.

"तुम्ही घाबरलात?" मी विचारलं. तोवर मी त्यांना एकेरीतच मोजत होते.

"अजून कान वाजतायत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्यामुळे आजवर कुणी साधं सरकूनही बसलं नव्हतं.

साहेबांनी आत्या आणि बिबट्या दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं. बाहेर एकच बाक होता. आत्या आधी बसली नाही, मग बसली. साहेबांनी दार लावून घेतलं. आत आम्ही दोघं आणि पंखा.

"आता इथे कुणी नाही," ते म्हणाले. "बोला, तुम्हाला काय हवंय?"

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त कपाट होतं. मग मी पुष्कळ वेळ घेतला, आणि साहेबांनी तो घेऊ दिला.

"करार राहू द्या," मी म्हणाले. "अकरा महिनेच. फक्त एक कलम वाढवा. दुपारी खिडकीजवळच्या टेबलाशी मी बसणार."

बिबट्याला आत बोलावून विचारलं. त्यांनी कलम दोनदा वाचलं आणि या वेळी पंजा बरोबर चौकटीत उमटवला.

रात्री ते बाहेर असतात, दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपतात. आवारात माकड नाही. आत्या यंत्राचा विषय अजून काढते, पण उंबऱ्याबाहेरून आणि हळू आवाजात.

साडेबाराला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. आम्ही दोघंही दचकतो, ते माझ्या जरा आधी. मग ते कूस बदलतात आणि मी हरवलेली ओळ शोधते.