तात्यांचा दुसरा रुमाल

आमचे घरमालक तात्या रिकामी जागा दिसली की रुमाल टाकतात. एसटीच्या खिडकीतून तो तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच टाकलाय. तात्या लग्नाच्या पंगतीत टाकतात, दाताच्या डॉक्टरकडेही टाकतात. आमच्या वाशिमकडच्या घराण्यात पहिली डिग्री माझी आणि पहिली मोटारही माझीच, म्हणून ती जरा ऐटीत दारात आणून उभी केली, तर मी पेढ्यांचा पुडा फोडेपर्यंत पुढच्या सीटवर रुमाल पडला होता. "रुमाल पडला की जागा आपली." तात्यांना ठाऊक असलेला कायदा एवढाच.

रुमाल मात्र नेहमी दोन. एक चौकड्यांचा, कळकट, स्वतःचा. दुसरा पांढरा, इस्त्रीचा. तो काकूंसाठी असणार असं समजून मी तात्यांचं काकूंपाशी कौतुक केलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी? लगीन झाल्यापास्नं मी उभीच हाय."

मग खरं त्यांनीच सांगितलं. पांढरा रुमाल आण्णांचा, म्हणजे तात्यांच्या थोरल्या भावाचा. शाळेत जाताना आण्णा एसटीच्या खिडकीतून आत शिरायचे आणि धाकट्याची जागा धरायचे. पुढे वाटण्या झाल्या, बांधावरून भांडण पेटलं. तुझ्या जमिनीत पुन्हा पाय ठेवणार नाही, असं बजावून आण्णा बिबवेवाडीला मुलाकडे गेले, ते आजतागायत आलेले नाहीत.

त्यानंतर नेमकं तेच रान, बांधासकट, मेट्रोच्या स्टेशनात गेलं.

खांब उभे राहिले तसे तात्या रोज तिथे जाऊ लागले. पत्र्याच्या कुंपणाला दोन्ही रुमाल बांधून यायचे. वॉचमन सकाळी ते सोडून हातात द्यायचा, तात्या त्याला चहा पाजून संध्याकाळी पुन्हा बांधायचे. एकदा मला विचारलं, "तुम्ही इंजिनिअर ना? मग जिना कुठं उतरणार ते सांगा." मी कॉम्प्युटरवाला, जिन्यातलं मला कळत नाही म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग कालेजात केलं काय?"

मी म्हटलं, तात्या, जिन्याचं सोडा, मीच आण्णांना गाडीतून घेऊन येतो.

"आणाल. पण उतरवाल कुठं? समदीकडं माझीच जमीन."

परवा रविवारी मला ओढतच घेऊन गेले. जिन्याच्या काँक्रीटला लावलेल्या फळ्या निघाल्या होत्या. वॉचमन आता त्यांचाच माणूस झालेला, त्याने आत सोडलं. तात्यांनी सगळ्यात खालच्या पायरीवर दोन्ही रुमाल शेजारी शेजारी पसरले. मी पांढऱ्यावर टेकायला गेलो.

"तिथं नगं, साहेब."

मी उभाच राहिलो. ते बोटाने जमिनीवर रेघ ओढल्यासारखं दाखवत म्हणाले, "बांध हितनं जात हुता. आता ही ना त्याची, ना माझी. मेट्रोची. हितं उतरला तर त्याची शपथ मोडत न्हाय."

निरोप धाडलाय का, मी विचारलं.

"धाडला की त्याच्या पोराकडनं."

"मग? काय म्हणाले?"

तात्यांनी जिन्याच्या वरच्या टोकाकडे पाहिलं. अजून तिथे छप्पर नव्हतं. "इचारत हुता, सरकता जिना हाय का. गुडघं धरत्यात त्याचं."

तेवढ्यात वारा सुटला. चौकड्यांचा रुमाल सिमेंटच्या गोण्यांकडे उडाला. तात्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यावर ठेवायला खडी शोधत होते.