तक्रारीची तक्रार

चाचणीचं यंत्र सकाळपासून चौथ्यांदा गोठलं आणि नेमका तेव्हाच घरून तिसरा फोन आला.

"थांबतच नाहीये गं," नवरा म्हणाला. मागे सात महिन्यांची ठमी टाहो फोडत होती. "तू जरा दिस तिला."

तिने फोनचा कॅमेरा सुरू केला. ठमीने क्षणभर आ वासला, आईला ओळखलं आणि असं भोकाड पसरलं, की शेजारच्या टेबलावरच्याने मुकाट्याने हेडफोन चढवले.

बाळंतपणाची रजा संपवून आल्याचा तिचा हा तिसरा दिवस. डिस्कवर माहिती लिहिणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिनेच दोन वर्षं खपून केलेला. पण डिस्क पूर्ण भरली, की आता अख्खं यंत्रच गोठायचं. चार वाजेपर्यंत दुरुस्त झालं नाही तर ड्रायव्हर दुसऱ्या टीमकडे जाणार होता आणि तिच्याकडे माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम. साहेबांनी हे अगदी मायेने सांगितलं होतं. "तुला हलकं पडेल." त्या हलक्याचंच तिला ओझं झालं होतं.

यंत्र मरताना मागे कारणाची काही खूण ठेवत नव्हतं. म्हणून तिने कोडमध्ये पायरीपायरीवर 'इथवर पोचले' अशी नोंद करणाऱ्या ओळी पेरल्या. आधी यंत्र गोठायला दहा सेकंद लागायचे, आता दोनच लागले.

"औषधानेच रोगी दगावतोय," टीममधले निवृत्तीला टेकलेले वयस्क सर मागून म्हणाले. "जेवलीस का?"

"हे जेवू देईल तर ना, सर!"

पुन्हा फोन.

"अरे, ती रडते म्हणून तू फोन करतोस. मला बघून ती जास्त रडते. जास्त रडते म्हणून तू परत फोन करतोस! हे थांबणार कधी?"

"बॅटरी संपली की," नवरा काकुळतीने म्हणाला.

बॅटरी संपेपर्यंत! फोन हातात तसाच ठेवून तिने चुकांच्या नोंदीचा कोड उघडला.

प्रत्येक चुकीची नोंद झालीच पाहिजे, हा साहेबांचा दंडक. तिने तो इमानेइतबारे पाळला होता. डिस्क भरली, लिहिता आलं नाही. ही चूक, करा नोंद. कुठे? त्याच भरलेल्या डिस्कवर! तीही लिहिता येईना, मग त्या चुकीची नोंद. मेमरी संपेपर्यंत ड्रायव्हर स्वतःलाच हाका मारत बसायचा, आणि तिच्या नव्या ओळी त्याच्या सुरात सूर मिसळत होत्या.

"ऐक," ती फोनवर म्हणाली, "आता फोन करू नकोस. कडेवर घे, खिडकीशी उभा राहा. रडली तर रडू दे."

नोंद करतानाच चूक झाली, तर तिची नोंद करायची नाही. दोन ओळींचं काम. चारला दहा कमी असताना साहेबांसमोर डिस्क भरली. यंत्राने एकदाच तसं सांगितलं आणि ते चालू राहिलं.

"म्हणजे माझ्याच नियमाने..." साहेब म्हणाले.

"नियम चांगलाय, साहेब. मीच जरा जास्त मनापासून पाळला."

साहेबांनी घसा खाकरला. "ड्रायव्हर तुझ्याकडेच राहू दे."

ती जिन्यात आली. तास होऊन गेला होता, घरून एकही फोन नव्हता. तिनेच लावला.

"झोपली का रे?"

"छे, मजेत आहे. चमचा आपटत बसलीये. तूच म्हणालीस ना, फोन करू नकोस."

"हो, बरोबर केलंस." ती थांबली. "दाखव ना जरा."

"अगं, नको! आत्ताच कुठे रडायची थांबलीये."

"ती थांबली रे," ती नाक पुसत म्हणाली. "मी कुठे थांबलीये?"