नको असलेला विमा

घराचा विमा भरायचा नाही, हे मी पूर्ण शास्त्रशुद्ध विचार करून ठरवलं होतं! उगाच का पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले? शिळफाट्याजवळचं आमचं घर पक्क्या जोत्यावर, नदीपासून चांगलं उंच. त्याला कसली भीती?

"उमैमा, कर्ज घेताना विम्याची अट सांगितली हाय ना गं?" अब्बांनी विचारलं.

"अट आहे, अब्बा. गरज नाही!"

बँकेनं वाद घातला नाही. स्वतःच आमच्या घराचा महागडा विमा उतरवला आणि त्याचा हप्ता आमच्या कर्जात मिळवून टाकला! नको म्हणणाऱ्याला वाढायचं आणि वर बिलही त्याच्याच ताटाखाली सरकवायचं, तसं! भरपाई मिळालीच, तर तीही आधी बँकेला.

अम्मी म्हणाली, "आग आपल्याकडं, हप्ता आपला, नि पैसं त्यांना? ही बँक हाय का माझी नणंद?"

मी तडक शाखेत गेले आणि कर्जविभागाच्या नम्रता मॅडमना समजावलं, "पुराची शक्यता नगण्य. दरडीची त्याहून कमी."

"आणि आगीची?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण अर्धवट माहिती द्यायची मला सवय नाही!

"ती थोडी जास्त. खालच्या खोलीत जळाऊ लाकडं आहेत. पण सिलिंडर भिंतीपलीकडे असतात, त्यामुळे..."

"सिलिंडर किती?"

"एरवी, की लग्नसराईत?"

मॅडमनी चष्मा काढला. "लग्नसराईत तुमच्या घरी काय असतं?"

"अब्बा लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेतात ना! बिर्याणीच्या मोठाल्या डेगा आमच्याकडेच चुलीवर चढतात. भिंत किती तापते, तेही मी मोजलंय!"

"म्हणजे राहायच्या घरात धंदा?"

झालं! धंदा हलवा, नाहीतर अख्खं कर्ज एकरकमी फेडा, नाहीतर घरावर जप्ती. मी विमा वाचवायला गेले आणि अब्बांची चूल विझवून आले!

"आता डेगा काय तुझ्या डोक्यावर चढवू?" अब्बा कडाडले.

शेवटी त्यांनी रस्त्यापलीकडे शेड घेतली. भाडं माझ्या पगारातून! विमाही मीच मुकाट्यानं उतरवला आणि कागद दाखवायला शाखेत गेले. या वेळी अम्मी सोबत होती. स्वतःहूनच आली.

"आता घरात धोक्याचं काही उरलं नाही ना?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं. अम्मीनं माझा दंड धरला.

"एकच धोका उरलाय," ती म्हणाली. "ही!"

मॅडमनी काहीतरी टाइप केलं. काय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.