आंब्याची तिसरी फांदी

एका जंगलात सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. जंगलात ऑफिस कसं, असं विचारू नका बाळांनो. मोठ्यांच्या ऑफिसात जंगल चालतं, तेव्हा आपण विचारतो का?

तिथे पुराचा भोंगा बनत होता. नदी चढली की बिळाबिळात आपोआप वाजेल, असा प्रोग्रॅम. साळूताई नावाची साळिंदर तिथे नव्यानेच लागली होती. तिचं बीळ अगदी नदीकाठी, आत तान्ही पिल्लं. त्यामुळे भोंग्याची घाई सगळ्यांत जास्त तिला.

प्रोग्रॅमचे तुकडे कुठून उचलायचे आणि कसे जोडायचे, हे कॉम्प्युटरला सांगणारी सेटिंगची फाइल सगळ्यांना मिळून एकच होती. साळूताईने ती घेतली, बटण दाबलं. प्रोग्रॅम काही जुळेना. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'आंब्याची तिसरी फांदी सापडत नाही.'

फाइल वानरसाहेबांची होती. ते ऑफिसातले सगळ्यांत जुने. तुकडे आपल्या फांदीवर ठेवायचे आणि फाइलमध्ये पत्ताही तिथलाच द्यायचे.

"साहेब, माझ्याकडे जुळत नाहीये."

"माझ्याकडे जुळतं," वानरसाहेब शेंगा फोडत म्हणाले.

"तुकडे सामायिक जागेत ठेवू या ना. मग बिळातसुद्धा जुळेल."

"बाई, नीट चाललंय त्यात हात कशाला घालता?"

साळूताईने हात घातलाच. पत्ता बदलला आणि सगळ्यांकडे प्रोग्रॅम जुळला. संध्याकाळी वानरसाहेबांनी आपली जुनी फाइल परत वर चढवली. सगळ्यांचं परत बंद. मग हे रोजचंच झालं. तिकडे नदी फुगत होती आणि इकडे साळूताई रोज सकाळी पत्ता बदलत होती.

शेवटी प्रकरण सिंहमहाराजांकडे गेलं. महाराजांना फाइलमधलं काहीच कळत नव्हतं, म्हणून त्यांनी लगेच निर्णय दिला.

"वानराच्या फांदीवर जुळतं ना? मग सगळे तिथेच बसा."

ससा चढला. रानडुकराला ढकलून चढवलं. साळूताई चढली, तेव्हा तिच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. मग चाचणी विभागाच्या हत्तीने फांदीवर एक पाय ठेवला.

वानरसाहेबांनी शेजारच्या झाडावर उडी मारली. बाकीचे कॉम्प्युटरसकट खाली चिखलात.

त्याच दुपारी नदी काठ सोडून आत शिरली. भोंगा वाजलाच नाही. साळूताई तशीच चिखलातून उठली आणि प्रत्येक बिळाशी ओरडत धावली. घसा पार बसला, पण तिची पिल्लं वाचली. सशाचीही वाचली.

पाणी ओसरल्यावर चौकशी झाली. ऑफिस उंचावर नेण्याच्या दूरदृष्टीबद्दल वानरसाहेबांना बढती मिळाली आणि एक नवं झाडही. साळूताईला मेमो मिळाला. मंजूर भोंगा नसताना परस्पर ओरडल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी तिने नवी फाइल उघडली. लाल अक्षरं आली : 'चिंचेची पहिली फांदी सापडत नाही.'

तात्पर्य : सगळ्यांकडे चालेल असं काम कधी करू नये, मग आपल्याला कोणी विचारत नाही. आपल्याच फांदीवर चालेल असं करावं. फांदी मोडली तर झाड मिळतं, आणि ओरडायला कोणीतरी साळूताई असतेच.