आतोबांचं रडार

धुक्यात समोरून येणारी नाव तुम्हाला दिसली नाही, तर चूक कुणाची? तिची, की तुमची?

आमचे आतोबा हा प्रश्न कुणालाही विचारतात. दूधवाल्याला, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला, एकदा तर देवासच्या एका लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला. उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगतात, "सबब, रडार."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. देवासच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी संपली. त्यांचे कुणी पूर्वज धारच्या दरबारात कारकून होते. त्या वैभवातला हा एक 'सबब' तेवढा घरात उरला आहे. "भूक लागली, सबब खिचडी." "अरे भिया, लाइट गेली, सबब झोप." आत्या कुक्षीला शाळेत शिकवायची, म्हणून निवृत्तीनंतर तेही कुक्षीला आले. आत्या गेल्यावर आम्हाला वाटलं, आता देवासला परत येतील. त्यांनी नाव घेतली. फायबरची, छोटी, मोटार लावलेली. धरणाचं पाणी नर्मदाकाठची गावं गिळून जिथे पसरलं आहे, तिथे ते रोज सकाळी फिरायला जातात. बाकीचे पेन्शनर बागेत जातात तसे.

आणि गेल्या वर्षी त्या नावेवर रडार बसलं. वेरावळच्या कुठल्याशा मासेमारी नावेवरून उतरवलेलं. वर झाकण घातलेल्या पातेल्यासारखा पांढरा डबा, खाली पडदा, जोडीला ट्रॅक्टरची बॅटरी. इथून समुद्र किती लांब आहे, हे सांगून लोक दमले.

पहिल्या दिवशी घाट होता नाकासमोर आणि पडद्यावर दिसत होता डाव्या हाताला. डबा वाकडा बसला होता, एवढंच. पण आतोबांना ते उमगेपर्यंत बरेच दिवस गेले, आणि तोवर त्यांचं म्हणणं एकच, घाट सरकला असेल. मी हसले.

"अख्खं गाव हलवलं, तेव्हा हसलीस का?" ते म्हणाले.

मग ते बटण. त्यावर इंग्रजीत 'सी' लिहिलेलं, म्हणजे समुद्र. लाटांमुळे पडद्यावर खोटे ठिपके येतात, ते घालवायला ते फिरवायचं असतं. आतोबा त्याला हातच लावेनात. नर्मदामैयाला समुद्र म्हणायचं? मैयाची परिक्रमा करतात, समुद्राची कुणी करतं का? त्यामुळे पडदा पीठ सांडल्यासारखा पांढरा. शेवटी त्यांनी घाटावर नारळ फोडला, मैयाची माफी मागितली आणि बटण फिरवलं. पीठ ओसरलं. घाट, पाण्यात अर्धा बुडालेला विजेचा टॉवर, पर्यटकांची लोखंडी लाँच, सगळं लख्ख दिसू लागलं.

फक्त रामकुंवरबाई दिसेनात.

रामकुंवरबाईंचं गाव पाण्याखाली आहे. शेताचा उंचवट्यावरचा तुकडा तेवढा टापू होऊन राहिला, म्हणून त्या रोज सकाळी लाकडी नाव वल्हवत तिकडे जातात. रडार बसण्याच्या आदल्या हिवाळ्यात, धुक्यात, आतोबांची नाव त्यांच्या नावेवर आदळायची थोडक्यात राहिली होती. आतोबांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला बाईंनीच सांगितलं. "मेरे को तो कुछ नी हुआ. तुम्हारे फूफाजी घड़ी-घड़ी पूछ रहे थे, लगी तो नी. पानी मैंने पिलाया."

म्हणजे हा सगळा खटाटोप त्या एका नावेसाठी. आणि रडारला लाकूड दिसतच नव्हतं.

आतोबांनी बाईंना आपल्या नावेत बसवून पडदा दाखवला. त्यांची रिकामी नाव थोड्या अंतरावर बांधून ठेवली होती. लाँच दिसली, टॉवर दिसला, माझी नाव कुठे, असं त्या विचारत होत्या. आतोबा नुसती बटणं फिरवत होते.

"रेने दो बाबूजी," बाई म्हणाल्या. "बांध के सर्वे में हमारा घर भी नी दिखा था. आदत है."

ज्याच्याकडे लोखंड तोच दिसणार, बाकीचे नाहीत! माझं डोकं तापलं. घरी येईपर्यंत मी मनात एक अख्खं पत्रक लिहून काढलं. आतोबा एवढंच बोलले. "बाईंना सवय असेल. मला नाही." मग रडारची पुस्तिका घेऊन बसले.

पुस्तिकेतून कळलं ते असं, की नावेवर धातू टांगला तर ती दिसते. त्यांनी बाईंच्या नावेवर एक स्टीलचं ताट बांधलं. ताटाचं तोंड इकडे असलं की ठिपका यायचा, नाव वळली की गायब. मग तीन ताटांना खाचा पाडून ती एकमेकांत काटकोनात अडकवली, आणि ते विचित्र फूल बांबूच्या टोकाला चढवलं.

थंडीत मी पुन्हा गेले, तेव्हा पाण्यावर हात दिसेना इतकं धुकं होतं. पडद्यावर समोर, जरा उजवीकडे, एक ठिपका ठाम उभा होता. आतोबांनी मोटार मंद केली, मग बंद केली. वल्ह्याचा आवाज जवळ आला.

"दिख री हूं, बाबूजी?"

"दिसताय हो, दिसताय," आतोबा मराठीतच म्हणाले.

दुपारी त्यांनी दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे, केले होते. मला ताटात वाढलं, स्वतः पातेल्याच्या झाकणात घेतलं. मी मांडणीकडे पाहिलं. ती रिकामी होती. आत्याला तिच्या माहेरून आलेली, 'सौ. सुमन' असं नाव घातलेली सगळी ताटं गेली होती. बाईंच्या नावेनंतर आतोबांनी शेजारच्या लाकडी नावांवरही तशीच फुलं चढवली होती, ताटं पुरली तोवर.

मी काही विचारायच्या आत ते बाफला कुस्करत म्हणाले, "एका माणसाला किती ताटं लागतात?"

त्यांनी माझ्या बाफल्यावर तूप ओतलं.

"मांडणीत तिचं नाव वाचायला कोण होतं? आता सकाळी निघालो की ती समोर असते."

त्या काठावर अजून कितीतरी लाकडी नावा कुणाला न दिसता ये-जा करतात. तुमच्या माळ्यावर लग्नकार्यातली स्टीलची ताटं पडून असतीलच. त्यातली तीन काढा आणि कुक्षीला जाणाऱ्या कुणाच्याही हाती द्या. घाटावर 'रडारवाले बाबूजी' म्हटलं की पोचतील. फक्त ताटांवर घातलेली नावं घासून काढू नका. ज्यांची आहेत, त्यांनाही जाऊ द्या पाण्यावर.